जुनी खुर्ची घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : जेवणाच्या टेबलासाठी सहा जुन्या लाकडी खुर्च्यांचा संच पाहण्यात आला आहे. विक्रेता त्यांना 'अँटिक' म्हणतो, तर आमचे एक परिचित 'व्हिंटेज' म्हणतात. या दोहोंत नेमका फरक कोणता आणि खुर्ची खरोखरच जुनी आहे, हे जाणकार नसलेल्या माणसाने कसे ओळखावे?

उत्तर : शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणावे, असा व्यापारातला सर्वसाधारण संकेत आहे आणि काही देशांच्या सीमाशुल्काच्या नियमांतही हीच मर्यादा धरली जाते. व्हिंटेज या शब्दाला अशी ठरलेली सीमा नाही. बहुतेक विक्रेते तो विसाव्या शतकातल्या आणि विशिष्ट काळाची शैली दाखवणाऱ्या वस्तूंसाठी सैलपणे वापरतात. तेव्हा शब्दावर फार वेळ न घालवता आपण खुर्ची उलटी करून पाहावी. वरचा भाग घासून आणि पॉलिश करून कोणत्याही वयाचा भासवता येतो, परंतु बैठकीच्या खालची बाजू सजवण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

तेथे सर्वप्रथम करवतीच्या खुणा शोधाव्यात. सरळ आणि थोड्या अनियमित रेघा हाताने कापलेल्या लाकडावर दिसतात, तर कमानीसारख्या वाकड्या रेघा वर्तुळाकार करवतीच्या असतात आणि ती करवत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच असेल, तर तो 1930 च्या दशकानंतरचा आहे. मात्र असा एखादा स्क्रू सापडला म्हणून सगळी खुर्ची नवी ठरत नाही, कारण तो नंतरच्या दुरुस्तीतही बसवलेला असू शकतो. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, पण रुंदीत आकसते. त्यामुळे कातीव, म्हणजे चरकावर गोल कातलेले, पाय कालांतराने किंचित लंबगोल होतात आणि सांध्यांतल्या खुंट्यांची टोके पृष्ठभागाच्या वर आलेली बोटाला जाणवतात. पायाचा व्यास दोन दिशांनी मोजून पाहिला, तर ही गोष्ट साध्या कॅलिपरनेही कळते.

झीज कोठे झाली आहे, हाही चांगला पुरावा आहे. खुर्चीच्या हातांची पुढची टोके, टाचा टेकतात ती पुढची आडवी पट्टी आणि जमिनीवर घासले जाणारे पायांचे तळ या जागा वापराने गुळगुळीत होतात. जेथे माणसाचा हात किंवा पाय पोहोचूच शकत नाही, तेथेही तितकीच झीज दिसत असेल, तर ती कोणीतरी कानशीने केलेली आहे, असे खुशाल समजावे.

संच घेताना सहाही खुर्च्या एकीशेजारी एक उलट्या ठेवून तपासाव्यात. दुकानदाराला कंटाळा आला तरी चालेल. हाताने केलेल्या खुर्च्यांत बारीक फरक असणारच. परंतु एका खुर्चीचे पाय आणि चौकट बाकीच्यांपेक्षा वेगळ्या लाकडाचे किंवा वेगळ्या रंगाचे असतील, तर शंका घ्यावी. संख्या भरून काढण्यासाठी एका जुन्या खुर्चीचे भाग दोन खुर्च्यांत वाटून उरलेले भाग नवे घालण्याचा उद्योग फार जुना आहे. काही संचांत बैठकीच्या चौकटीवर आणि काढता येणाऱ्या गादीच्या फळीवर कारागिराने रोमन अंक कोरलेले असतात. ते एकमेकांशी जुळतात का, हेही पाहावे.

प्रश्न : एक खुर्ची फार आवडली आहे, पण ती डुगडुगते आणि तिच्या पायांवर बारीक छिद्रे आहेत. ती घ्यावी का?

उत्तर : डुगडुगण्याला आपण समजता तितके घाबरण्याचे कारण नाही. जुन्या खुर्च्या बहुधा सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाने, जोडलेल्या असतात. ऊब आणि ओलावा मिळाला की सरस मऊ होतो, म्हणून सांधा सोडवून, स्वच्छ करून पुन्हा जोडता येतो. खरी अडचण येते ती आधीच्या मालकाने त्या सांध्यात खिळे ठोकलेले असले किंवा इपॉक्सी हा कडक होणारा रासायनिक गोंद भरलेला असला म्हणजे. ते काढताना मूळ लाकूडच फुटते. सर्वाधिक ताण बैठक आणि पाठ जेथे मिळतात त्या मागच्या सांध्यावर पडतो, म्हणून प्रत्यक्ष बसून, किंचित मागे रेलून तोच आधी तपासावा. पायाला लाकडाच्या रेषांना आडवी भेग असेल, तर मात्र खुर्ची सोडून द्यावी.

छिद्रे एक-दोन मिलिमीटरची गोल असतील, तर ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची बाहेर पडण्याची वाट आहे. कडा काळवंडलेल्या असल्यास कीड बहुधा जुनी असते. कडा फिकट असून आतून पिठासारखा भुगा पडत असल्यास ती अजून जिवंत आहे. खुर्ची काही दिवस काळ्या कागदावर, इतर फर्निचरपासून दूर ठेवली की निर्णय करणे सोपे जाते. गादी शिवलेल्या खुर्चीत चौकट कापडाखाली झाकलेली असते, म्हणून तेथे खालचे कापड उसवून पाहण्याची परवानगी मागावी. ती नाकारली गेली, तर तेही एक उत्तरच आहे.

प्रश्न : जुने पॉलिश काळे पडले आहे. सगळे घासून काढून नवे करावे का? आणि वेताची बैठक सैल झाली आहे, तिचे काय?

उत्तर : घासू नये. अनेक वर्षांच्या हाताळणीने आलेली छटा एकदा घासली की परत येत नाही. आधी मऊ कापडाने मळ काढावा आणि मग लपलेल्या जागी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा टेकवावा. थर चिकट झाला, तर ते लाखेचे पॉलिश आहे आणि जाणकार कारागीर त्यावरच नवा पातळ थर चढवू शकतो.

वेत चौकटीतल्या छिद्रांतून ओवलेला असेल, तर विणकाम हाताचे आहे; तो खाचेत पट्टीने दाबून बसवलेला असेल, तर तयार जाळी आहे आणि ती बदलणे सोपे असते. विणकाम अखंड असून नुसते सैल झाले असल्यास खालच्या बाजूने पाणी लावून पूर्ण वाळू द्यावे. बहुतेक वेळा ते पुन्हा ताणले जाते. वाळेपर्यंत त्यावर बसू नये.

प्रश्न : वाफेने वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची 1859 ची असल्याचे सांगितले जाते. हे खरे असेल का?

उत्तर : 1859 हे वाफेने लाकूड वाकवून खुर्च्या करणारे कारखानदार मायकल थोनेट यांच्या 14 क्रमांकाच्या खुर्चीच्या रचनेचे वर्ष आहे, आपल्यासमोर असलेली खुर्ची त्या वर्षी तयार झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी राहणारी ती खुर्ची पुढे प्रचंड संख्येने तयार झाली आणि 1869 मध्ये थोनेट यांचा पेटंटचा एकाधिकार संपल्यावर इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या केल्या. बैठकीच्या गोल चौकटीच्या आतल्या बाजूला कागदी चिठ्ठी किंवा ठसा आहे का, ते पाहावे. आणि वक्र भाग जेथे सर्वाधिक वाकतो, तेथे लाकडाचे तंतू उचकटलेले नाहीत ना, याची हात फिरवून खात्री करून घ्यावी.

प्रश्न : जुन्या खुर्च्या नव्या टेबलाशी जुळतील का?

उत्तर : मोजपट्टी न्यावी. बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत सुमारे 27 ते 30 सेंटिमीटर अंतर असावे. टेबल 75 सेंटिमीटरचे असल्यास बैठक साधारण 45 ते 48 ची हवी. जुन्या खुर्च्यांचे पाय कुजल्यामुळे कधीकाळी कापलेले असतात, म्हणून बैठकीची उंची चारही कोपऱ्यांत मोजावी. हात असलेली खुर्ची असेल, तर ते हात टेबलाच्या खालच्या पट्टीखाली सरकतात का, हेही मोजून घ्यावे.