कॅपवरचा ब्रॅकेट सारखा निघतो

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी चोपड्याची, वय २७. कॉलेजात असताना गाडीवरून पडले, वरचा पुढचा दात तुटला, मग रूट कॅनल करून त्यावर कॅप बसवली. आता सात महिन्यांपासून दातांना तारा आहेत. तार धरायला दातावर चिकटवतात ते बाकी सगळे ब्रॅकेट टिकलेत पण कॅपवरचा तीनदा निघाला, शेवटचा तर मळ्यात भरीत पार्टीला कळण्याची भाकरी खाताना हातातच आला. आता डॉक्टर म्हणतात वेगळं ॲसिड लावून बघू, मावशी म्हणते कॅप जळेल. काय करू?

उत्तर : भाकरीला बोल लावू नका, तिच्यात काही एवढा दम नसतो. खऱ्या दातावर ती निळी जेली लावतात ना, ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, १५-३० सेकंदात दाताला बारीक बारीक खड्डे पाडतं आणि त्यात गोंद शिरून बसतो. पण तुमची कॅप पोर्सिलेनची असेल तर ती म्हणजे एक प्रकारची काचच, वरून ग्लेझचा गुळगुळीत थर, त्यावर ही जेली कितीही वेळ ठेवा, साफ होईल पण खरखरीत होणार नाही. पाट्याला टाकी मारल्याशिवाय मिरची वाटली जाते का, तसंच.

पोर्सिलेनला टाकी मारतं ते हायड्रोफ्लोरिक ॲसिड, डॉक्टरांचं ‘वेगळं ॲसिड’ बहुधा हेच, साधारण ९.६ टक्क्यांची जेल, दोनेक मिनिटं. त्याआधी ॲल्युमिनाच्या ५० मायक्रॉन पावडरचा फवारा काही सेकंद मारून वरचा ग्लेझ काढतात. मग सायलेन नावाचं जोडणारं रसायन लावतात. त्याचा एक हात पोर्सिलेनमधल्या सिलिकाला धरतो नि दुसरा गोंदाला, आणि ते नीट सुकू दिलं नाही तर सगळी मेहनत वाया.

मावशींची भीती अगदीच खोटी नाही, हे ॲसिड हिरडीला, ओठाला लागलं तर वाईट भाजतं आणि लगेच दुखतही नाही म्हणून जास्त फसवं. म्हणून रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणलेला रबरी पडदा, किंवा हिरडीवर संरक्षक थर लावून, जोरदार सक्शन चालू ठेवूनच ते करायचं, धुतानाही. एवढी तयारी दिसली नाही तर सरळ विचारा, डॉक्टरांना राग येणार नाही, आला तर येऊ द्या.

पण मी तुमच्या जागी असते तर आधी घरी जाऊन ती कॅप कशाची आहे तो कागद शोधला असता! झिर्कोनियाची, म्हणजे पोर्सिलेनहून वेगळ्या कडक पांढऱ्या पदार्थाची असेल तर बहुतेक वॉरंटी कार्ड मिळालेलं असतं, कपाटात बघा. कारण झिर्कोनियात सिलिकाच नसतो, तिथे हे ॲसिड आणि नुसतं सायलेन दोन्ही फुकट, त्याला पावडरचा फवारा आणि एमडीपी नावाचं, झिर्कोनियाला धरणारं रसायन असलेला प्रायमर लागतो. आणि तीनदा एकच पद्धत करून निघत असेल तर माझा संशय इथेच आहे.

एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा, शेवटी ब्रॅकेट काढताना कॅपचा टवका उडू शकतो. टवका नाही उडाला तरी चमक जाते, ती डायमंड पेस्टने बरीचशी परत आणता येते. त्यामुळे कॅप जुनी झालीय, कडेला काळी रेघ दिसतेय, तशीही बदलायचीच आहे असं असेल तर डॉक्टरांना म्हणा, तारा असेपर्यंत टेंपररी कॅप टाका, नवी नंतर करू. दात सरकल्यावर नव्या कॅपचं मापही बरोबर येतं.

भरीत बिनधास्त खा. बिबड्या मात्र तारा निघेपर्यंत नको, त्या तर खऱ्या दातावरचेही ब्रॅकेट काढतात.