सुपारी, मद्य आणि तंबाखू प्राचीन व्यापारी मार्गांनीच आपल्याकडे आले का? मेंदूतील चेतापारेषकांवर, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनांवर, त्यांचा परिणाम कसा होतो?

तिन्हींचा इतिहास एक नाही, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करतो. आधी मद्य. कोल्हापूरपुरते बोलायचे तर पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझ मूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनकाळी भूमध्य समुद्राकडचा माल बंदरांत उतरून घाट चढत इथवर येत असे, याचा तो पुरावा. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत मद्य आहे, आणि त्यातही पसंती इटलीच्या मद्याला. मद्यार्क मेंदूला आवर घालणाऱ्या गाबा या चेतापारेषकाचा प्रभाव वाढवतो आणि उत्तेजक ग्लुटामेटच्या कामात अडथळा आणतो. जीभ जड होणे आणि तोल जाणे त्यातूनच येते.

सुपारीचे प्रकरण मला अधिक रंजक वाटते. ती मुळात आग्नेय आशियाकडची, आणि तिचा प्रवास रोमच्या उलट दिशेने, पूर्वेकडून झाला. तिच्यातील अरेकोलिन हे द्रव्य असिटाइलकोलिन या चेतापारेषकाच्या मस्कॅरिनिक ग्राहकांवर (ग्राहक म्हणजे पेशीवरील निरोप स्वीकारणाऱ्या जागा) बसून त्यांना चेतवते, म्हणून सवय नसलेल्या माणसाला लाळ सुटते, घाम फुटतो, क्वचित गरगरते. विड्याला लावलेला चुना येथे शोभेपुरता नसतो: तो अरेकोलिनच्या काही भागाचे अरेकायडिनमध्ये रूपांतर करतो, आणि अरेकायडिन पेशींना गाबा परत शोषून घेऊ देत नाही. (तंबाखूविना खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक ठरली आहे, हे जाता जाता सांगितलेले बरे.)

तंबाखू मात्र प्राचीन नव्हे. अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत ती दख्खनेत आली आणि १६०४ च्या सुमारास असद बेग या मुघल दूताने विजापूरहून ती अकबराच्या दरबारी नेली. आज आपल्या शेजारचा निपाणीचा पट्टा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे, हा सारा अलीकडच्या शतकांतील इतिहास. तळहातावर चुन्यासह मळलेल्या तंबाखूतील निकोटिन अल्कधर्मी माध्यमात मोकळे होऊन गालाच्या आतील त्वचेतून रक्तात जाते, असिटाइलकोलिनच्या दुसऱ्या, म्हणजे निकोटिनिक, ग्राहकांना चेतवते आणि त्यातून सुखद भावना देणारे डोपामिन हे चेतापारेषक स्रवते. सततच्या सेवनाने हे ग्राहक संख्येने वाढतात, त्यामुळे तंबाखू मिळाली नाही की चिडचिड आणि अस्वस्थता सुरू होते.