विमानाच्या कागदांत बेस्ट ग्लाइड स्पीड दिलेला नाही, तो स्वतः कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की घरी बांधलेलं दोन आसनी विमान दुसऱ्याकडून घेतलं, कागदांत बेस्ट ग्लाइड स्पीड (इंजिनाच्या जोराशिवाय उतरताना विमान सर्वांत लांब जातं तो वेग) कुठेच नाही, मग त्याच डिझाइनच्या दुसऱ्या विमानाचा आकडा धरला तर चालेल का. पहिल्या काही उड्डाणांपुरता चालेल, पण त्याच्यावरच थांबू नका. प्रॉपेलर वेगळा असला, चाकांवरची आवरणं काढलेली असली, एअरस्पीड इंडिकेटर चार नॉट चुकत असला, की तो आकडा तुमचा राहत नाही. तुमचा आकडा एका सकाळीत मोजता येतो.

हवा अगदी निवांत हवी, म्हणजे पहाटेची. मी पहिल्यांदा दुपारी मोजायला गेलो होतो. एकाच वेगाला हजार फूट उतरायला एकदा ७० सेकंद आले आणि लगेच पुढच्या खेपेला ९५. वर चढणाऱ्या हवेने सगळे आकडे नासवले होते. वाऱ्याची मात्र काळजी नको. आपण हवेच्या संदर्भात मोजतोय, त्यामुळे सरळ, एकसारखा वारा कुठूनही आला तरी फरक पडत नाही.

धावपट्टीच्या जवळपास राहा, भरपूर उंची घ्या, आणि शेजारी आकडे टिपणारा दुसरा वैमानिक बसवा. अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) १०१३ हेक्टोपास्कलवर लावा. फ्लॅप बंद, कार्बोरेटर असेल तर कार्ब हीट (त्यात बर्फ धरू नये म्हणून गरम हवा) चालू, थ्रॉटल आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी पॉवरवर. ठरलेल्या उंचीच्या तीन-चारशे फूट वरूनच वेग बसवून ट्रिम करा, म्हणजे दांडा न दाबता तोच वेग टिकेल. काटा ५००० फुटांवर आला की स्टॉपवॉच सुरू, ४००० वर बंद. वेग एका नॉटने जरी हलला तरी ती खेप रद्द करा, नाक हलवून वेग जुळवत बसू नका. मग इंजिनाला पॉवर देऊन ते गरम करा, परत वर चढा, पुढचा वेग घ्या. स्टॉलच्या (वेग फार कमी होऊन पंखांची उचल मोडते त्याच्या) बराच वर असलेल्या वेगापासून ५-५ नॉटने चढत जा. प्रत्येक खेपेला तापमान आणि उरलेलं इंधन लिहून ठेवा.

आता गणित. इंडिकेटेड (काट्यावर दिसणाऱ्या) वेगावरून उंची आणि तापमान धरून ट्रू एअरस्पीड (हवेतला खरा वेग) काढा, त्याला १.६९ ने गुणा, म्हणजे सेकंदाला किती फूट ते मिळेल. त्याला सेकंदांनी गुणलं की हजार फूट उतरताना कापलेलं अंतर. समजा ट्रू वेग काढल्यावर तुमच्या हाती असे आकडे आले: ५० नॉटला ९७ सेकंद, ६० ला ८९, ६५ ला ८२, ७० ला ७४, ८० ला ५९. पाहताक्षणी ५० नॉट उत्तम वाटतो, कारण विमान हवेत सर्वांत जास्त वेळ टिकलं. पण अंतर काढा: ५० ला सुमारे ८२०० फूट, ६० ला ९०००, ६५ लाही ९०००, ७० ला ८७००, ८० ला ८०००. जास्त वेळ टिकणं आणि जास्त लांब जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बेस्ट ग्लाइड म्हणजे लांब जाणं.

कारण सरळ आहे. वेग वाढला की विमानाच्या अंगाला घासणाऱ्या हवेचा ड्रॅग (मागे ओढणारा रोध) वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग कमी केला की पंखाला तेवढीच उचल द्यायला नाक जास्त वर धरावं लागतं आणि उचलीपोटी येणारा ड्रॅग वाढतो. दोन्ही सारखे होतात तिथे एकूण ड्रॅग सर्वांत कमी. म्हणून शेत थोडक्यात हुकतंय असं दिसल्यावर नाक वर ओढावंसं वाटतं ना, ते अजिबात करायचं नाही. बेस्ट ग्लाइडवर असताना नाक ओढलंत तर पल्ला घटतो, आणि शिवाय स्टॉल जवळ येतो.

वरच्या उदाहरणात ६० ते ६५ हा पट्टा जवळजवळ सपाट आहे. मी ६५ घेईन. समोरून वारा असेल तर तसाही थोडा जास्त वेगच लागतो (वाऱ्याच्या निम्मा वाढवा, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा), आणि खालच्या बाजूला चूक झाली तर ती महागात पडते.

वजन विसरू नका. सेसना १७२एसच्या मॅन्युअलमध्ये ६८ नॉट दिलाय तो २५५० पौंडांसाठी. वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणून तेच विमान २१०० पौंडांचं असताना सुमारे ६२ नॉट येतो. पल्ला मात्र तोच राहतो. उंची बदलली तरी इंडिकेटेड वेग तोच, म्हणून पॅनेलवर चिकटवायचा तो इंडिकेटेड आकडा. गरम दिवशी अल्टिमीटरचे हजार फूट प्रत्यक्षात हजाराहून जास्त असतात. मानकापेक्षा १५ अंश गरम असेल तर जवळपास १०५०. त्याने पल्ल्याचं गुणोत्तर चुकतं, पण सगळ्या वेगांना चूक सारखीच असल्याने उत्तम वेग तोच निघतो.

एक गोष्ट या चाचणीत मोजली जात नाही, आणि तिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आयडलवरचं इंजिन आणि बंद पडलेलं इंजिन सारखं नसतं. बंद इंजिनावर हवेने फिरणारा प्रॉपेलर चांगलाच ड्रॅग देतो, त्यामुळे खरा पल्ला मोजलेल्यापेक्षा कमी धरा. तो पाहायला मुद्दाम इंजिन बंद करू नका. प्रॉपेलरची पिच (पात्यांचा कोन) बदलता येत असेल आणि तेलाचा दाब असेल तर प्रॉपेलरची लिव्हर पूर्ण मागे घ्या, फरक लगेच जाणवेल.

आकडा हाती आला की त्या वेगावर ट्रिम करून उतरण्याचा सराव करा आणि काचेतून बघा. जमिनीवरची जी खूण काचेत वरही सरकत नाही आणि खालीही नाही, साधारण तिथवर तुम्ही पोहोचता. हेरलेलं शेत काचेत वर सरकायला लागलं तर ते सोडा, अलीकडचं धरा.