हेड नोड रिबूट झाला की २३ नोड गायब!

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या कॉलेजात २४ नोडचा क्लस्टर आहे (म्हणजे एकत्र जोडलेले २४ संगणक), एक हेड म्हणजे मुख्य आणि बाकी २३ कंप्युट म्हणजे प्रत्यक्ष जॉब चालवणारे. लक्ष ठेवायला गँग्लिया हे सॉफ्टवेअर टाकलंय. आमच्या स्विचवर मल्टिकास्ट (एकाने पाठवलेलं सगळ्यांना ऐकू जातं ती पद्धत) काही केल्या चालेना म्हणून युनिकास्ट (प्रत्येक नोड फक्त हेडला पाठवतो) केलं, तेव्हापासून असं होतंय की अपडेटसाठी हेड नोड रिबूट केला की वेब पेजवर फक्त हेडच दिसतो, बाकी सगळे गायब. एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) करून बघितलं तर नोड मस्त सुरू, मुलांचे जॉबपण चालू. मग २३ ठिकाणी जाऊन जीमॉन्ड (प्रत्येक नोडवर चालणारा गँग्लियाचा प्रोग्राम) रिस्टार्ट करायचं, की आले परत. ज्यांनी सेटअप करून दिला ते म्हणतात स्विच बदला. खरंच बदलू का?
– लॅब असिस्टंट, सांगली

उत्तर : आधी ती ऑर्डर थांबवा. तुम्हीच लिहिलंय ना, नोडवरचं जीमॉन्ड रिस्टार्ट केलं की सगळं दिसायला लागतं, म्हणजे पॅकेट त्याच स्विचमधून हेडपर्यंत नीट पोचतायत, मग स्विचचा काय दोष?

होतंय काय ते सांगते. जीमॉन्ड दोन प्रकारची पॅकेट पाठवतं. एकात नुसता आकडा असतो आणि दुसऱ्यात त्या आकड्याची ओळख, म्हणजे हा लोड आहे का मेमरी, युनिट काय वगैरे, यालाच मेटाडेटा म्हणायचं. मल्टिकास्टमध्ये एखादं जीमॉन्ड नव्याने सुरू झालं की ते बाकीच्यांकडून ही ओळख मागून घेतं. युनिकास्टमध्ये तुमचे कंप्युट नोड नुसते पाठवतात, त्यांना ऐकू काहीच येत नाही, त्यामुळे हेडने विचारायचं कोणाला? रिबूटनंतर हेडची मेमरी कोरी असते, आकडे येत राहतात पण ओळख नाही म्हणून ते तसेच वाया जातात.

उपाय एका ओळीचा आहे. प्रत्येक नोडवरच्या जीमॉन्ड डॉट कॉन्फ फाइलमध्ये वर ग्लोबल्सचा भाग असतो, त्यात सेंड मेटाडेटा इंटरव्हल नावाची सेटिंग आहे (मधे अंडरस्कोर). ती मुळात ० असते, म्हणजे ओळख सुरुवातीला एकदाच पाठवायची. तिथे ३० करा आणि सगळीकडे एकदा जीमॉन्ड रिस्टार्ट करा, हे शेवटचं. यापुढे हेड कितीही वेळा रिबूट झाला तरी अर्ध्या मिनिटात नोड परत दिसू लागतील.

आणि एक सवय लावून घ्या, वेब पेजवर भरवसा ठेवून निष्कर्ष काढायचा नाही. माहिती नोडवरच्या जीमॉन्डकडून हेडच्या जीमॉन्डकडे जाते, तिथून जीमेटाडी (माहिती गोळा करणारा गँग्लियाचा दुसरा प्रोग्राम) ती उचलतं, आरआरडी (वेळेनुसार आकडे साठवणाऱ्या) फाइलमध्ये लिहितं आणि मग पेज ग्राफ काढतं. कुठे अडकलंय ते एकेक पायरी बघत जायचं. हेडवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं टूल) लावून यूडीपी पोर्ट ८६४९ वर पॅकेट येतायत का बघा (जुन्या मोबाइलच्या बटणांवर ८, ६, ४, ९ म्हणजे यू, एन, आय, एक्स, म्हणून हा पोर्ट लक्षात राहतो!). येत नसतील तर फायरवॉल किंवा जीमॉन्डच्या चॅनलची (कुठे पाठवायचं, कुठे ऐकायचं याची) सेटिंग तपासा. येत असतील तर नेटकॅट या टूलने लोकलहोस्टच्या (म्हणजे हेडच्याच) ८६४९ ला जोडा, भलंमोठं एक्सएमएल येईल, त्यात नोडचं नाव शोधा. पॅकेट येतायत पण एक्सएमएलमध्ये नाव नाही, तर गडबड वर सांगितली तीच. नाव आहे पण त्यापुढचा टीएन ८० च्या वर गेलाय, तर त्या नोडकडून तितके सेकंद काहीच आलेलं नाही आणि पेजवर तो डाउन दिसणार.

जाता जाता, जीमेटाडी डॉट कॉन्फमध्ये डेटा सोर्सच्या ओळीत बरेच जण सगळ्या नोडची नावं भरतात. गरज नाही. जीमेटाडी पहिल्याला विचारतं आणि तो गप्प असेल तरच पुढच्याकडे जातं, आणि तुमच्याकडे ऐकणारा एकटा हेडच आहे. दुसरा कुणी हवा असेल तर एखाद्या नोडलापण रिसीव्ह चॅनल द्या, सगळ्यांच्या कॉन्फमध्ये त्याच्यासाठी दुसरा सेंड चॅनल टाका आणि मगच त्याचं नाव तिथे लिहा.

प्रश्न : आम्ही आमच्या क्लस्टरवर लक्ष ठेवायला प्रोमिथियस आणि ग्राफाना लावलंय. सीपीयू ९० टक्क्यांच्या वर गेला की अलर्ट येतो, रात्रभर फोन वाजतो, आता कोणी बघतसुद्धा नाही. मर्यादा ९८ करू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नका करू, तो अलर्टच काढून टाका. वेबसाइटच्या सर्व्हरला तो ठीक आहे, पण कंप्युट नोड १०० टक्के चालतोय म्हणजे त्याचं काम चोख चाललंय. उलट जॉब दिलेला नोड रिकामा बसलाय, ही काळजीची गोष्ट. तुम्ही अलर्ट लावा तो अप शून्य झाल्यावर (म्हणजे प्रोमिथियसला नोडकडून उत्तर येईना), स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कची जागा) वाढत चालल्यावर, स्क्रॅच (जॉबच्या तात्पुरत्या फाइलींची) डिस्क भरत आल्यावर आणि तापमानावर, कारण एसी बंद पडला की सगळ्यात आधी तिथेच कळतं. प्रत्येक नियमात फॉर लिहून ५-१० मिनिटं द्या म्हणजे क्षणभराच्या उसळीला फोन वाजणार नाही. आणि अलर्टमॅनेजरमध्ये (प्रोमिथियसचे अलर्ट पाठवणारा भाग) ग्रुप बाय मध्ये रॅक टाका (टार्गेटना रॅकचं लेबल आधी लावावं लागेल), म्हणजे अख्ख्या रॅकची पॉवर गेली तर ४० मेसेजच्या जागी एकच येईल आणि तो तुम्ही उठून वाचाल.