लुथरन सेमिनरी निवडताना फी सोडून काय काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत नोकरी, ग्रीन कार्ड, वय अडतीस, पत्नीही नोकरी करते, दोन मुलं शाळेत. नगरला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) वाढलात, आता ईएलसीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या एका लुथरन चर्चसंघटनेच्या, एका मंडळीचे (स्थानिक चर्चचे) सभासद आहात आणि पाळकीय सेवेचं, म्हणजे पास्टर होण्याचं, पाचारण जाणवतंय. पण खर्च वाढतोय, सेमिनऱ्या, म्हणजे पाळक घडवणारी विद्यालयं, इमारती विकतायत, मंडळ्या ओस पडतायत. अशात कुठली सेमिनरी घ्यावी?

सेमिनरीचा अर्ज भरण्याआधी तुमच्या सिनडच्या, म्हणजे ईएलसीएच्या प्रादेशिक विभागाच्या, ऑफिसला फोन करा. ईएलसीएत पाळक कोण होणार हे सेमिनरी ठरवत नाही, सिनडची कँडिडसी (उमेदवारी) कमिटी ठरवते. एन्ट्रन्स, एन्डॉर्समेंट आणि अप्रूव्हल असे तिचे तीन टप्पे. सुरुवातीलाच पार्श्वभूमीची तपासणी आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन होतं, आणि त्यात काही महिने सहज जातात. साधारणपणे अर्जाआधी एक वर्ष तुम्ही ईएलसीएच्या मंडळीत सक्रिय सभासद असावं लागतं. सीएनआयमधला बाप्तिस्मा पूर्ण मान्य आहे, पण हे वर्ष इथल्या सभासदत्वापासून मोजलं जातं. बरेच जण आधी प्रवेश घेतात आणि मग कमिटीकडे जातात. पुष्कळ शिष्यवृत्त्या कँडिडसीतल्या स्थितीवर अवलंबून असल्यामुळे पहिल्या सत्राची फी मग खिशातून जाते.

आता फी. जाहीर केलेला आकडा बघून घाबरू नका, तो फार थोडे विद्यार्थी पूर्ण भरतात. सेंट पॉलच्या लुथर सेमिनरीने २०१८ पासून पात्र नव्या एम.ए. आणि एम.डिव. (पाळकपदासाठीची पदवी) विद्यार्थ्यांना पूर्ण ट्यूशनची शिष्यवृत्ती सुरू केली, आणि आता इतर ठिकाणीही मोठी मदत मिळते. मात्र ‘पूर्ण ट्यूशन’ हे शब्द नीट फोडून विचारा. किती सत्रं? सत्राला किमान किती क्रेडिट घ्यावे लागतात? नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकलो तर मिळते का? इंटर्नशिपच्या वर्षाची फी त्यात आहे का? विद्यार्थी शुल्क आणि तंत्रज्ञान शुल्क कोण भरणार? उत्तरं ईमेलवर लेखी घ्या.

खरा खर्च घर चालवण्याचा आहे. एम.डिव. पूर्णवेळ केली तर इंटर्नशिप धरून साधारण चार वर्षं, म्हणजे ४८ महिने. महिन्याच्या घरखर्चातून पत्नीचा पगार वजा करा आणि उरलेल्या आकड्याला ४८ ने गुणा. तुमची नोकरी सुटल्यावर आरोग्यविमा कुणाच्या नावावर जाणार, हे याच गणितात धरा. चौघांचा विमा बाहेरून घ्यायची वेळ आली तर शिष्यवृत्तीचा फायदा तिथेच संपतो. त्यात सीपीई, म्हणजे हॉस्पिटलमधलं पाळकीय प्रशिक्षण. एक युनिट ४०० तासांचं: पूर्णवेळ केलं तर उन्हाळ्यातले दहा-बारा आठवडे, बहुतेक वेळा बिनपगारी, वर फी वेगळी. नोकरी करणाऱ्यांसाठी महिनोन्‌महिने चालणारं लांबवलेलं युनिट असतं. तुम्ही तेच शोधा. इंटर्नशिपला मानधन मिळतं, पण मंडळी दुसऱ्या राज्यातही मिळू शकते. मुलांची शाळा बघता जवळपासची किंवा दोन वर्षं अर्धवेळ अशी इंटर्नशिप देतात का, हे प्रवेशाआधीच विचारा.

कर्जाचे नियम बदललेत. १ जुलै २०२६ पासून ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं फेडरल कर्ज नव्या कर्जदारांना बंद आहे. एम.डिव. व्यावसायिक पदवीत मोडते, त्यामुळे फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर. एवढं मिळतं म्हणून उचलू नका. सार्वजनिक सेवेतल्यांना १२० हप्त्यांनंतर मिळणारी कर्जमाफी जुलै २०२१ पासून चर्चच्या नोकरीलाही लागू होते, पण आठवड्याला ३० तास काम असेल तरच. लहान मंडळ्यांची पाचारणं, म्हणजे पाळकाच्या नेमणुका, अनेकदा अर्धवेळ असतात. माफीच्या भरवशावर कर्ज काढलेला माणूस नेमका तिथे अडकतो. शिवाय पाळकाच्या घरभत्त्याला आयकर नसला तरी स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर त्यावरही बसतो. हातात पडणारा पगार हे धरून काढा.

इमारत विकली म्हणजे सेमिनरी बुडाली, असं मी मानत नाही. शिकागोची लुथरन स्कूल ऑफ थिऑलॉजी २०२३ मध्ये आपली मोठी वास्तू सोडून कॅथलिक थिऑलॉजिकल युनियनच्या इमारतीत गेली. बर्कलीच्या पॅसिफिक लुथरन सेमिनरीने टेकडीवरचा परिसर सोडला. गेटिसबर्ग आणि फिलाडेल्फियाच्या सेमिनऱ्या २०१७ मध्ये एक होऊन युनायटेड लुथरन सेमिनरी झाल्या. १९८८ मध्ये ईएलसीए स्थापन झाली तेव्हा सभासद ५० लाखांवर होते, आज ३० लाखांहून कमी आहेत. जुन्या पटसंख्येसाठी बांधलेली छपरं सांभाळणं हाच मोठा खर्च होता. विकलेल्या जागेचा पैसा कुठे गेला, ते विचारा. मूळ निधीत (कायम गुंतवून ठेवलेल्या रकमेत) गेला असेल तर चांगलं, दरवर्षीची तूट भरण्यात गेला असेल तर धोका. निधीतून वर्षाला चार-पाच टक्के काढणं ठीक. आठ-दहा टक्के काढत असतील तर ते मुद्दल खातायत.

फेडरल शिक्षण खातं खासगी संस्थांना आर्थिक गुण देतं, उणे १ ते ३ या पट्टीवर. १.५ च्या खाली असेल तर सावध व्हा. हा तक्ता सगळ्यांना खुला आहे. मात्र विद्यापीठात विलीन झालेल्या सेमिनरीचा गुण विद्यापीठाचा असतो, आणि तिथे सेमिनरीचं भवितव्य विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या हातात असतं. लुथरन सदर्न सेमिनरी २०१२ मध्ये लेनॉयर-राईन विद्यापीठात विलीन झाली आणि २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कोलंबियाहून विद्यापीठाच्या गावी, हिकरीला, हलवली गेली.

एक काम घरबसल्या करा. सेमिनरीचा यंदाचा आणि तीन वर्षांपूर्वीचा कॅटलॉग शेजारी ठेवा आणि पूर्णवेळ प्राध्यापकांची नावं मोजा. जुना करार, नवा करार, लुथरन विश्वासपत्रं, उपासनाशास्त्र या प्रत्येकाला कायम माणूस आहे की नुसते तासावर येणारे? निवृत्त झालेल्यांची जागा भरली की तो विषयच गळला? संस्था आटतेय हे बातमीत यायच्या कितीतरी आधी या यादीत दिसतं. संस्था बंद पडली तर चालू विद्यार्थ्यांना कुठे पूर्ण करून देणार, तेही विचारा.

तुमच्या बाबतीत मी सुरुवात युनायटेड लुथरनच्या फिलाडेल्फिया परिसरापासून करेन: घर हलवायला नको, नोकरी लगेच सोडायला नको. प्रिन्स्टन सेमिनरीही तुमच्याच राज्यात आहे आणि तिचा निधी प्रचंड आहे. ती लुथरन नसली तरी चालते, पण मग ईएलसीएच्या सेमिनरीशी संलग्न राहून लुथरन विषय वेगळे पूर्ण करावे लागतात. त्यात किती महिने वाढतील, ते कमिटीकडून आधी लिहून घ्या. दूरशिक्षण घेणार असाल तर वर्षातून दोनदा परिसरात जायचं म्हटलं तरी चार वर्षांत आठ विमानप्रवास होतात. तेही हिशेबात धरा. हे वाचणारं कोणी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल तर दूरशिक्षणाचा पर्याय जवळजवळ बंदच, कारण सत्राला एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ अभ्यासात धरतात.

पत्नीला कमिटीच्या पहिल्या भेटीआधीच यात घ्या. पहिली नेमणूक ६५ पैकी कुठल्याही सिनडमध्ये होऊ शकते. जोडीदाराच्या नोकरीमुळे तुम्ही प्रदेशाची मर्यादा मागू शकता, पण ती मागायची की नाही, हे दोघांनी मिळून आधी ठरवायला हवं.