कादंबरीवरचे ऐतिहासिक चित्रपट: इतिहास किती, रंजन किती?

कादंबरीवर बेतलेल्या ऐतिहासिक चित्रपटाकडून अचूकतेची अपेक्षा ठेवावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ठेवावी. मात्र दागिन्या-कपड्यांपेक्षा माणसांच्या वागण्याबाबत ती अधिक कठोर असावी. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेला २०१५ मधील ‘बाजीराव मस्तानी’ पाहा. काशीबाई आणि मस्तानी ‘पिंगा’ गाण्यात एकत्र नाचतात यावर गदारोळ झाला आणि तो रास्तही होता, कारण पेशव्यांच्या घरातील रीतीत ते बसत नाही. मला त्याहून खटकतो तो अखेरचा प्रसंग, ज्यात बाजीराव एकटाच निजामाचा मुलगा नासिरजंग याच्या फौजेवर तुटून पडतो. १७२८ मध्ये पालखेडला निजामाची रसद आणि पाणी तोडून, मोठी लढाई न देताच त्याला तहास भाग पाडणाऱ्या या सेनापतीचे खरे सामर्थ्य घोडदळाच्या वेगवान हालचालींत होते, आणि पडद्यावर नेमके तेच हरवते. (खरे तर तेवढ्यावरच एक उत्तम चित्रपट होऊ शकेल.) एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला तापाने आलेला मृत्यू भ्रमाच्या दृश्यांनी रंगवला आहे, ती मोकळीक मात्र मी दिग्दर्शकाला आनंदाने देईन.