सोयाबीन खाऊन हार्मोन बिघडतात का?

भाऊ, सोयाबीननं पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) घटतं ही भीती सोडा. त्यातले आयसोफ्लेव्होन्स नावाचे घटक इस्ट्रोजेनसारखे, म्हणजे बाईच्या हार्मोनसारखे, वागतात खरे, पण जोर फार कमी. रोजच्या खाण्यानं काही हलत नाही. जपायचं थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी. गोळी सकाळी उपाशीपोटी, सोयाबीन ४ तासांनंतर, नाहीतर गोळी अंगी नीट लागत नाही.

वऱ्हाडात घरात पोती पडलेली, म्हणून कच्चेच दाणे दळतात. खरा घोळ तिथं. त्यातलं ट्रिप्सिन इनहिबिटर प्रथिनं पचू देत नाही, पोट फुगतं. रात्रभर भिजवा, पाणी फेका, २०-३० मिनिटं उकळा, कडक वाळवून भाजा. मग किलोभर गव्हात १०० ग्रॅम. सोयाच्या वड्या माणशी ३० ग्रॅम पुरे. अन् पेरणीतून उरलेलं, औषध लावलेलं बियाणं धुऊनसुद्धा खाऊ नका.